उंबरठा उत्पन्न

गट नंबर एकशे अठरा निघाला.
मी नाही काढला. सारणीनं काढला,
यादृच्छिक सारणीनं, जिला डोळे नसतात
आणि गावात सोयरे नसतात.

मंडळात बारा प्रयोग, आमच्या मौजाच्या वाट्याला एक.
दहा मीटर बाय पाच.
एवढ्यात मावलं पाहिजे अख्ख्या शिवाराचं नुकसान.
नाही मावलं तर झालंच नाही.

नाल्याकाठची काळी तीन दिवस पाण्याखाली होती.
सोयाबीनच्या शेंगेतच कोंब फुटले.
डोळे मिटून चाललं तरी कळायचं, काळी सुरू झाली:
आंबलेल्या पिठाचा वास.
आणि नंबर निघाला वरच्या बरडीचा,
गिरजा डाखोरेच्या वावराचा.

बरड म्हणजे मुरूम, उतार आणि गोटे.
वाटणीच्या दिवशी थोरल्या भासऱ्यांनी
काळी स्वतःकडं ठेवली,
ही धाकट्या घराकडं सरकवली.
पाणी इथं टिकत नाही, म्हणून बावीस वर्षं
गिरजानं त्यांना मनात शिव्या दिल्या.
यंदा पाणी टिकलं नाही.

आम्ही गेलो. मी, तलाठी, पोलीस पाटील,
विमा कंपनीचा एक पोरगा, दिवसाला चारशे,
बूट नवे, चिखल चुकवत चालणारा.
धुऱ्यावर गाव उभं होतं.
नैऋत्य कोपऱ्यातून मी पावलं मोजली,
खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली.
चौथ्या खुंटीशी पुंजाजी डाखोरे, तेच थोरले भासरे,
हात मागं बांधून.
"साहेब, दोरी जराशी आत नाई होत का?
तिकडं गोट्यात पीक पातळ हाय."
ऐकलं. दोरी होती तिथंच राहिली.
कोणाचीही नजर न घेता गाठ मारायला
किती वेळ लागतो, ते त्या दिवशी कळलं.

गिरजानं सोंगलं. ताडपत्रीवर काठीनं बडवलं,
सुपानं उफणलं.
एरवी एवढा टपोरा दाणा पाहून
बाई दोन शब्द बोलली असती.

साडेचार किलोचा उंबरठा.
सरकारी कागदावर असंच लिहितात, उंबरठा उत्पन्न,
जणू पीक घरात येताना त्यावर पाय ठेवतं.
सरासरी अलीकडं थांबली तर भरपाई, पलीकडं गेली तर
निरंक.
काट्यावर नऊ किलो सातशे चाळीस.

पोरगा फोटोसाठी मोबाईल नीट धरत होता,
उन्हात आकडा दिसेना.
तेवढ्यात गिरजानं पाटीतली एक मूठ उचलली.
आकडा खाली आला.
तिनं धुऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
मूठ तशीच हवेत.
मी काही म्हटलं नाही. हो नाही, नको नाही.
एका मुठीनं काही होणार नव्हतं,
तिलाही ठाऊक होतं, मलाही.
तिनं मूठ उघडली.
दाणे पाटीत पडले, आकडा चढला,
सातशे चाळीसवर आला आणि थांबला.
पोरानं फोटो काढला.

पंचनाम्यात शेरा म्हणून एक रकाना असतो,
बोटाएवढा.
मी तिथं लिहिलं: वजन सर्वांसमक्ष.

चार दिवसांनी त्याच रस्त्यानं कारंज्याला निघालो होतो.
बरड निम्मी उभी होती.
रोख मजुरी सांगूनही बाया आल्या नव्हत्या,
कुणाचं पोट दुखत होतं, कुणाचे पाहुणे आले होते.
वावरात दोनच पाठी वाकलेल्या.
एक गिरजाची. दुसरी पाहून मी गाडी उभी केली.
"पुंजाजीभाऊ, तुम्ही?"
त्यांनी मान वर केली नाही.
"माह्यं काय रायलं सोंगाले?
हात रिकामे हायत. इळा कायले गंजू द्या?"

गिरजा दुसऱ्या टोकाला होती.
दोघांच्या मधे आमचा तो चौकोन,
दहा बाय पाच, नुसती धसकटं,
एक खुंटी आम्ही काढायची विसरलेली.
पुंजाजी कापत कापत तिथवर आले,
खुंटी हलवून पाहिली,
आणि तिच्या बाजूनं वळून पुढं निघाले.